स्तनांची हाताने तपासणी (सीबीई): शिबिरात नेमकी कशी करावी आणि काय दिसलं की पुढे पाठवावं

परळची_ट्यूटर
गोवंडी-मानखुर्द भागात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी तपासणी शिबिर ठरतंय. तपासणार आरोग्य सेविका आणि नुकत्याच जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या सिस्टर. त्यांच्या हातात द्यायचा कागद तयार करतेय. पद्धत खाली टाकते, चुका काढा.

आधी बघणं, मग हात लावणं. बाईला स्टुलावर उजेडाकडे तोंड करून बसवायचं, पुढून उघडणारा गाऊन, दोन्ही बाजू एकदम उघड्या. एकच बाजू उघडून बघितली तर तुलना होत नाही, आणि बघण्यात सगळं तुलनेवरच असतं. चार स्थितींत बघायचं: हात मांडीवर सैल, हात डोक्याच्या वर, हात कमरेवर ठेवून जोरात दाबलेले, आणि पुढे वाकून. सैल हातांत न दिसलेली खळी हात वर गेल्यावर किंवा कंबर दाबल्यावर दिसते. गाठीने आतले तंतू आखडले की ते कातडी आत ओढतात आणि हालचालीत ती ओढ उघडी पडते.

मग काख आणि कॉलरबोनच्या वरचा खळगा, बसलेलीच असताना. मग आडवी. ज्या बाजूचं तपासायचं त्या बाजूचा हात डोक्याखाली, खांद्याखाली चादरीची छोटी घडी. स्तन छातीवर सपाट पसरला पाहिजे, बाजूला लोळता कामा नये.

मधल्या तीन बोटांच्या पेरांचा मांसल भाग वापरायचा, टोकं नाहीत. साधारण २ सेंटीमीटरचे गोल, एकेका जागी तीन दाब: हलका (कातडीखालचा थर), मध्यम, आणि खोल, म्हणजे खाली बरगडी लागेपर्यंत. बोटं न उचलता पुढच्या जागी सरकायचं. काखेच्या मधल्या रेषेपासून सुरुवात करून उभ्या पट्ट्यांत वर-खाली करत छातीच्या मधल्या हाडापर्यंत.

शिवडी_सर्जन
कागद चांगला आहे. दोन गोष्टी ठळक करा: हद्द आणि वेळ.

हद्द लिहिलीच नाही तर हात फक्त उभारावर फिरतो. वर कॉलरबोन, खाली ब्राच्या पट्टीची रेषा, आत छातीचं मधलं हाड, बाहेर काखेची मधली रेषा. हा चौकोन आहे आणि स्तनाचे तंतू त्याच्या कोपऱ्यांपर्यंत जातात. जवळपास निम्मे कॅन्सर वरच्या-बाहेरच्या भागात निघतात, तिथूनच काखेकडे एक शेपूट जातं. घाईत नेमकं तेच सुटतं, कारण गाऊनची बाही तिथे अडकलेली असते.

वेळ: नीट करायचं तर एका बाजूला सुमारे ३ मिनिटं. मनात मोजू नका, भिंतीवर घड्याळ लावा.

घाटकोपर_जीपी
३ मिनिटं कागदावर ठीक. शिबिरात दारात ऐंशी बायका उभ्या असतात.

शिवडी_सर्जन
मग हिशेब बॅनर छापायच्या आधी करा. दोन्ही बाजू मिळून ६ मिनिटं, बघणं आणि काख २, माहिती विचारणं-लिहिणं २. म्हणजे दहा मिनिटांना एक बाई, तासाला सहा. एका सिस्टरने चार तास केलं तर चोवीस, आणि त्यात चहाही धरलेला नाही. ऐंशी हव्या असतील तर चार तपासणाऱ्या आणि चार पडदे लावा. दोन मिनिटांत हात फिरवून 'नॉर्मल' लिहिण्यापेक्षा न तपासलेलं परवडलं, निदान ती बाई खोट्या दिलाशावर वर्षभर गाठ घेऊन बसणार नाही.

नर्मदा_जोगेश्वरी
गोल-गोल पद्धत का नको? आम्हाला निप्पलपासून बाहेर चकरा मारत जायला शिकवलं होतं.

परळची_ट्यूटर
चकरांत कोपरे सुटतात, आणि बाहेरची चक्कर मोठी झाली की मधे जागा राहते. पट्ट्यांत कुठवर झालं ते डोळ्यांना कळतं. अडलं तर बोट तिथेच ठेवून पुढे चालू करता येतं. शिकाऊ हातासाठी पट्ट्याच. जिचा हात बसलेला आहे तिने चकरांनी केलं म्हणून मी भांडणार नाही, पण कागदावर एकच पद्धत असावी.

नर्मदा_जोगेश्वरी
आणि घाम? आपल्याकडे मे महिन्यात हॉलमध्ये बोटं सरकत नाहीत, चिकटतात.

परळची_ट्यूटर
थोडी टाल्कम पावडर. कोरड्या फडक्याने टिपून मग.

रेडिओ_दादर
पावडरीवर आक्षेप आहे. बाईला त्याच दिवशी मॅमोग्राफीला पाठवणार असाल तर छाती आणि काख ओल्या कापडाने स्वच्छ पुसून पाठवा. टाल्कमचे आणि डिओडरंटचे कण फिल्मवर बारीक पांढऱ्या ठिपक्यांसारखे येतात आणि कॅल्शियमच्या संशयास्पद ठिपक्यांशी गल्लत होते. मग बाईला परत बोलावा, परत एक्स-रे काढा.

बाईला पुढे पाठवताना द्यायच्या चिठ्ठीबद्दलही सांगून ठेवतो. 'राइट ब्रेस्ट लम्प, प्लीज डू नीडफुल' असं लिहून येतं तेव्हा आम्ही अंधारात असतो. जागा घड्याळाच्या काट्याने लिहा आणि निप्पलपासून अंतर सेंटीमीटरमध्ये. 'उजवी बाजू, १० वाजता, निप्पलपासून ४ सेंमी, माप २ गुणिले १.५ सेंमी, कडा अस्पष्ट, टणक, कातडीला चिकटलेली नाही.' वरचा-बाहेरचा भाग उजवीकडे १० च्या आसपास येतो आणि डावीकडे २ च्या. हे उलटं लिहिलेलं खूपदा बघायला मिळतं. घड्याळ तपासणाऱ्याच्या समोरून वाचायचं, बाईच्या बाजूने नाही.

माप पट्टीने. 'लिंबाएवढी' लिहू नका, लिंबं बाजारात सगळ्या मापांची मिळतात.

घाटकोपर_जीपी
पाळीच्या दिवसांचा मुद्दा राहिला. पाळी सुरू झाल्यापासून ५ ते १० दिवसांत तपासलं तर सूज आणि दुखणं कमीत कमी असतं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात निम्म्या बायकांना सगळीकडे गाठीच गाठी लागतात.

शिवडी_सर्जन
खरंय, पण शिबिरात तारीख बघून बाईला परत पाठवू नका, ती पुन्हा येत नाही. आली त्या दिवशी तपासा आणि शेवटच्या पाळीची तारीख लिहा. नुसता दाटपणा वाटला, वेगळी गाठ नाही, असं असेल तर पुढच्या पाळीनंतर एकदा बोलवा. स्पष्ट गाठ लागली तर पाळीची वाट बघायची गरज नाही. गरोदर किंवा अंगावर पाजणारी असली तरी तेच. 'बाळंतपण होऊ दे, मग बघू' या वाक्यात महिने जातात. गरोदरपणात सोनोग्राफी चालते, सुईची बायोप्सीही चालते.

शुभदा_स्टाफनर्स
नवीन मुलींना नॉर्मल काय ते आधी शिकवा. सगळ्यात जास्त खोट्या 'गाठी' तीन ठिकाणी लागतात. खालच्या घडीशी अर्धचंद्रासारखी जाड कड असते, मोठ्या स्तनांत आणि वयस्क बायकांत जास्त. ती दोन्हीकडे सारखी लागते. दुसरी जागा मधल्या हाडाजवळ, बरगडीचा कूर्चा जिथे जोडतो तो टणक उंचवटा. तो हाडासोबत असतो, स्तन हलवला तरी जागचा हलत नाही. तिसरं, चिमूट. अंगठा आणि बोटांत स्तन धरून दाबला की कुणालाही गाठ लागते. कागदावर मोठ्या अक्षरात: चिमटीत धरू नका, छातीवर सपाट दाबा.

मोठ्या स्तनांसाठी अजून एक. आडवं तपासून झाल्यावर बसवून थोडं पुढे वाकवायचं, एक हात खालून आधाराला, दुसऱ्याने वरून. खोल, खालच्या भागातलं काही आडव्यात सुटलेलं असेल तर इथे सापडतं. सगळ्यांना करायची गरज नाही.

परळची_ट्यूटर
छान, हे घेते. काखेबद्दल माझा परिच्छेद त्रोटक आहे. कुणी लिहील का?

शिवडी_सर्जन
लिहितो. बाईची उजवी काख तपासताना तिचा उजवा हात तुमच्या उजव्या हातावर पूर्ण सैल टाकायला सांगा. तिने हात स्वतः उचलून धरला तर स्नायू ताठ होतात आणि आत काही लागत नाही. तुमच्या डाव्या हाताची बोटं किंचित वाकवून काखेच्या अगदी टोकाशी न्या, कॉलरबोनच्या मध्याच्या दिशेने. मग छातीच्या भिंतीवर दाबत खाली सरकवा. काखेतल्या मधल्या लसीका गाठी (लिम्फ नोड) बोटांखालून निसटतात तेव्हा जाणवतात. नंतर पुढची घडी अंगठा-बोटांत धरून (चिमटीची मनाई स्तनाला आहे, इथे नाही), मग मागची घडी मागे उभं राहून, मग दंडाच्या आतल्या बाजूने. कॉलरबोनच्या वरचं मागून तपासायचं, मान त्याच बाजूला थोडी कलती.

काखेत १ सेंमीच्या आतली, मऊ, हलणारी, दोन्हीकडे एकसारखी गाठ बऱ्याच जणींत असते. काखेतले केस काढताना ब्लेड लागलं, हाताला जखम झाली, तरी येते. टणक, एकमेकींना चिकटलेल्या किंवा आत रुतलेल्या असतील तर स्तनात काही लागो न लागो, पाठवा. कॉलरबोनच्या वर लागली तर दुसरा विचारच नको.

आणि नखं. कापलेली नसतील तर काखेत बाई दचकते, हात आखडते, तपासणी संपली.

नर्मदा_जोगेश्वरी
आता धोक्याच्या खुणा एकदा सविस्तर येऊ द्या. कागदावर नुसतं 'स्किन चेंजेस' लिहून काही होत नाही.

शिवडी_सर्जन
गाठ: टणक, कडा हाताला नीट न सापडणारी, वयाला न शोभणारी. विशी-पंचविशीतली गुळगुळीत, बोटांखालून पळणारी गाठ बहुतेकदा फायब्रोअडेनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली साधी गाठ. तीच गुळगुळीत गाठ पन्नाशीत नवीन लागली तर 'पळते म्हणजे साधी' असं समजू नका. दुखत नाही म्हणून बाई येत नाही आणि दुखतं म्हणून डॉक्टर सोडून देतात. दोन्हीकडून चूक.

चिकटली आहे का ते असं बघा. गाठीवरची कातडी हलकी उचलून सरकते का. मग बाईला कमरेवर हात ठेवून सैल सोडायला सांगून गाठ हलवा, नंतर कंबर जोरात दाबायला सांगून परत हलवा. सैल असताना हलते आणि दाबल्यावर अडकते तर ती छातीच्या स्नायूला धरून आहे. दोन्ही वेळा हलत नाही तर छातीच्या भिंतीला.

संत्र्याच्या सालीसारखी कातडी: लसीकावाहिन्या तुंबल्या की कातडी सुजते, पण केसांची मुळं जागच्या जागी बांधलेली राहतात, म्हणून तिथे खड्डे पडतात. सुरुवात बहुधा खालच्या अर्ध्यात होते. मोठ्या स्तनांत तो भाग बघायला स्तन उचलावाच लागतो आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

निप्पल: आत गेलेलं आहे का, यापेक्षा कधीपासून ते विचारा. वयात आल्यापासून दोन्हीकडे आत असेल, बोटाने बाहेर येत असेल तर चिंता नाही. गेल्या काही महिन्यांत एका बाजूचं आत ओढलं गेलं, किंवा दिशा बदलून एकीकडे बघायला लागलं, तर पाठवा.

शुभदा_स्टाफनर्स
निप्पलवरची खपली. 'खरूज आहे' म्हणून ट्यूबवर ट्यूब लावत बसतात. साधा एक्झिमा बहुधा भोवतालच्या काळसर वलयावर असतो, बरेचदा दोन्हीकडे, खाज खूप. पॅजेट (निप्पलच्या कातडीत दिसणारा कॅन्सर) एका बाजूला, निप्पलवरच सुरू होतो आणि मग वलयाकडे पसरतो, हळूहळू निप्पलचा आकारच खाऊन टाकतो. दोन आठवडे मलम लावून फरक नाही तर कातडीचा तुकडा तपासायला हवा. त्याखाली गाठ हाताला लागेलच असं नाही.

स्राव: प्रत्येकीचं निप्पल पिळून बघायचं नाही. पिळल्यावर कित्येकींना थेंब येतो, त्याला अर्थ नाही. आपोआप येतो का, ब्रावर डाग पडतो का, एका बाजूने का, एकाच छिद्रातून का, रक्ताळ किंवा पाण्यासारखा स्वच्छ आहे का, एवढं विचारा. 'हो' असेल तरच वलयाच्या कडेने घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकेका जागी दाबून कुठे दाबल्यावर येतो ते नोंदवा. पांढऱ्या गॉजवर टिपलं की रंग नीट कळतो. दोन्हीकडून, अनेक छिद्रांतून हिरवट-दुधी येत असेल तर घाई नसते, पण औषधं कुठली चालू आहेत ते विचारा. मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनी आणि उलटीच्या डोमपेरिडोनने दूध येतं.

घाटकोपर_जीपी
लाल, गरम, सुजलेला स्तन हा आमच्या दवाखान्यातला सापळा. पाजणाऱ्या बाईला मॅस्टायटिस (स्तनाचा दाह) होतोच, अँटिबायोटिकने दोन-तीन दिवसांत उतार पडायला लागतो. कोर्स संपला तरी लाली तशीच, किंवा बाई पाजणारी नाहीच आणि लाली स्तनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त पसरलेली, तर दुसरं-तिसरं अँटिबायोटिक बदलत बसायचं नाही. दाहक प्रकारचा कॅन्सर असाच दिसतो, त्यात बहुधा ताप नसतो आणि बरेचदा गाठ हाताला लागत नाही. दुसऱ्या बाजूने सांगायचं तर मुंबईत टीबी आहे आणि ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिसही (कॅन्सर नसलेला, रेंगाळणारा दाह) आहे. दोन्ही हुबेहूब कॅन्सरसारखे दिसतात, वाहणारी जखम वगैरे सगळं. त्यामुळे बाईला 'कॅन्सरच आहे' असंही सांगू नका. तुकडा तपासल्याशिवाय दोन्हीकडचं बोलणं अंदाज.

रेडिओ_दादर
पुढच्या तपासणीचा क्रम: तिशीच्या आत सोनोग्राफी. चाळिशीनंतर मॅमोग्राफी आणि सोबत सोनोग्राफी. मधल्या वयात बहुतेक सोनोग्राफीने सुरुवात आणि गरजेनुसार मॅमो. सुई नंतर. आधी सुई घातली तर आत रक्त साकळतं आणि चित्र बिघडतं.

सगळ्यात महत्त्वाचं: हाताला स्पष्ट गाठ लागते आहे आणि मॅमो 'नॉर्मल' आलं, म्हणजे गाठ नाही असं होत नाही. हाताला लागणाऱ्या कॅन्सरमध्येही दहातला एखादा मॅमोवर दिसत नाही, दाट स्तनांत तर जास्तच. हात, चित्र आणि तुकडा, तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत. एक जरी जुळलं नाही तर संशयाच्या बाजूने जायचं. बायरॅड्स (रिपोर्टवर लिहिलेली संशयाची श्रेणी) ४ आणि ५ ला बायोप्सी. बायरॅड्स ० म्हणजे 'शून्य दोष' नव्हे, तपासणी अपुरी आहे. हे बाईलाही सांगा, ती शून्य बघून खूश होऊन घरी जाते.

पॅथॉलॉजी_माटुंगा
पेशींची सुई (एफएनएसी) स्वस्त आणि झटपट, पण पेशी नळीच्या आतच आहेत की बाहेर पसरल्यात ते सांगता येत नाही. कोअर बायोप्सीत तुकडा येतो, त्यावर हॉर्मोनच्या आणि हर-२ प्रथिनाच्या चाचण्या (ईआर, पीआर, हर-२) होतात आणि उपचार त्यावरच ठरतो. तुकडा १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये तासाभराच्या आत पडला पाहिजे. सलाइनमध्ये टाकून दुसऱ्या दिवशी पाठवलेल्या तुकड्यावर हॉर्मोनचा रिपोर्ट भरवशाचा येत नाही.

आणि कृपा करून 'छोटीशी गाठ आहे, काढून टाकू' म्हणून निदानाआधी नर्सिंग होममध्ये चीर देऊ नका. नंतर कॅन्सर निघाला तर मूळ गाठ कुठवर होती तेच कळत नाही आणि दुसऱ्या सर्जनला आधीच्या टाक्यांसकट सगळं पुन्हा काढावं लागतं.

सायन_संशोधक
धाग्यात एक गोष्ट यायला हवी. हाताने तपासून काही उपयोग होतो का, याचं उत्तर मुंबईतच शोधलं गेलंय. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये इथल्या झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास सुरू केला. प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या तपासलं. निकाल २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला: कॅन्सर आधीच्या टप्प्यात सापडले. सगळ्या वयांचं मिळून मृत्यूंतली घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. पण पन्नाशीच्या पुढे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

नर्मदा_जोगेश्वरी
अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तर २०१५ मध्ये सीबीईची शिफारसच काढली ना?

सायन_संशोधक
सरासरी जोखमीच्या बायकांसाठी, आणि जिथे मॅमोग्राफी नियमित होते तिथे. त्यांच्याकडे हात हा मॅमोच्या जोडीला होता. आपल्याकडे हातालाच पर्याय नाही. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी सीबीई आहे.

स्वतःची स्वतः तपासणी वेगळी. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या सुमारे २ लाख ६६ हजार कामगार बायकांना ती शिकवून-न शिकवून तुलना केली, निकाल २००२ मध्ये आला. मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या बायोप्सी वाढल्या. म्हणून बाईला दर महिन्याचं वेळापत्रक देऊ नका. स्वतःचं नेहमीचं कसं लागतं ते ओळखा आणि बदल झाला की या, एवढं सांगा.

शुभदा_स्टाफनर्स
म्हणजे पन्नाशीच्या पुढच्यांना आधी आणा. त्याच येत नाहीत. सुनेला पाठवतात आणि 'आता या वयात कशाला' म्हणून स्वतः घरी. आरोग्य सेविकांनी घरोघरी चिठ्ठ्या वाटताना सासूचं नावही लिहावं.

शिवडी_सर्जन
पुरुषांबद्दल एक ओळ टाका. बायकांसोबत आलेला नवरा दारात हळूच विचारतो. निप्पलच्या मागे बरोबर मध्यभागी, गोल चकतीसारखं, दुखरं असेल तर बहुधा गायनेकोमास्टिया, म्हणजे पुरुषाच्या स्तनाची कॅन्सर नसलेली वाढ. मध्यापासून सरकलेली, टणक, निप्पल ओढणारी गाठ असेल तर तीच चिठ्ठी, तीच घाई.

परळची_ट्यूटर
सगळं घेतलं. चिठ्ठीचा नमुना: नाव, वय, शेवटची पाळी, पाजते का, बाजू, घड्याळ, निप्पलपासून अंतर, माप, कडा, टणकपणा, हलते का, कातडी, निप्पल, काख, कॉलरबोनची वरची बाजू, घरात आई-बहिणीला स्तनाचा किंवा ओव्हरीचा कॅन्सर. खाली कुठे, कुठल्या दिवशीच्या ओपीडीत जायचं. संपर्कासाठी तिचा आणि शेजारणीचा फोन नंबर.

शुभदा_स्टाफनर्स
शेजारणीचा काढा. फोन उचलला गेला की संध्याकाळपर्यंत गल्लीभर होतं आणि मग बाई मुद्दाम जात नाही. तिचा स्वतःचा, आणि दुसरा ती सांगेल त्या माणसाचा. दोन आठवड्यांत पोचली का ते विचारायला एक सेविका नावानिशी नेमून द्या, आणि तेही चिठ्ठीच्या आपल्या प्रतीवर लिहा.

परळची_ट्यूटर
बदलते. पडद्यांची आणि टेबलांची सोय झाली की तारीख इथे टाकते. बालवाडीची बाकं मिळतायत, पण ती फार बुटकी आहेत, तपासणारीची पाठ जाईल. खालून विटा लावून उंच केलेली चालतील का?

शिवडी_सर्जन
नको, डगमगतात आणि बाई अंग आखडून पडते. मंडळाकडे मांडवाची लाकडी टेबलं असतात, दोन जोडून वर गादी टाका. एक बाजू भिंतीला नको, दोन्हीकडून जाता आलं पाहिजे.